मुदतबाई आणि नववा प्रश्न

अर्जातल्या नवव्या प्रश्नाचं उत्तर देताना त्याच्या डोक्यात लबाडी नव्हती, फक्त थोडी ऐट होती. लबाडी असती तर निदान विचार करून केली असती.

प्रश्न साधा होता. तुम्ही जिथे काम करता त्या संस्थेचा प्रकार कोणता? संगणकाच्या पडद्यावर तीन पर्याय खाली उतरले: विद्यापीठ, विद्यापीठाला जोडलेलं महाविद्यालय, इतर. तो काम करायचा ती संस्था साठवलेल्या धान्याला लागणाऱ्या किडींचा अभ्यास करायची. ती विद्यापीठ नव्हती आणि महाविद्यालय तर नव्हतीच, तेव्हा उत्तर उघड होतं. पण ‘इतर’ हा शब्द बघून त्याला शाळेच्या वर्गफोटोत कडेला उभ्या केलेल्या, अर्धाच चेहरा आलेल्या पोराची आठवण झाली. ते पोर तोच होता. आता इतकं शिकून पुन्हा कडेला उभं राहायचं?

मग त्याला एक पळवाट सुचली. संस्थेला पदवी देण्याचा अधिकार नव्हता. त्यामुळे तिथले सगळेच जण किडे इथे पाळायचे आणि डॉक्टरेटसाठी नाव मात्र पाच तासांवरच्या विद्यापीठात नोंदवायचे. त्याचंही नाव तिथे होतंच. त्याने ‘विद्यापीठ’वर बोट दाबलं, त्या विद्यापीठाचं नाव लिहिलं आणि अर्ज पाठवून दिला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कारण झालं असं, की त्याची निवड झाली. तीन वर्षांची शिष्यवृत्ती. अभिनंदनाचं पत्र अर्थातच विद्यापीठात गेलं. तिथल्या कुणा कामसू कारकुनाने कर्मचाऱ्यांची यादी वरून खाली आणि खालून वर तपासली आणि कळवलं, की या नावाचा माणूस आमच्याकडे काम करत नाही. मग शिष्यवृत्ती कार्यालयाने त्याला दुसरं पत्र धाडलं, त्यात अभिनंदन नव्हतं. चुकीची माहिती दिल्याबद्दल आपली निवड रद्द का करू नये, याचा खुलासा पंधरा दिवसांत करावा.

ते पत्र त्याने घडी करून मक्याच्या बरणीखाली ठेवलं आणि पुढचे चार दिवस सूक्ष्मदर्शकातून सोंडकिडे बघत बसला. किड्यांना कुणी खुलासा मागत नव्हतं.

संस्थेत त्याला सगळे ‘नवा’ म्हणत. येऊन अडीच वर्षं झाली होती, पण त्याच्यानंतर कुणी आलंच नाही, म्हणून तो नवाच राहिला. त्याची सध्याची नेमणूक दोन महिन्यांत संपत होती आणि संस्थेकडे पुढचा पगार द्यायला काही नव्हतं. शिष्यवृत्ती गेली तर घरी वडिलांच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात बसणं आलं. मेहुण्याने तर शटरची जादा चावी करून ठेवली होती आणि फोनवर ती वाजवूनही दाखवली होती. चावीचं त्याला एवढं दुःख नव्हतं. पण टणक दाण्याच्या मक्यावर त्याने सोंडकिड्यांच्या चौदा पिढ्या वाढवल्या होत्या. काही दाणे किड्यांना का पोखरता येत नाहीत, हे आता कुठे उलगडायला लागलं होतं. तो गेला की त्या बरण्या भट्टीत जाणार. संस्थेचा तसा नियमच होता. बिनमालकाचे किडे जिवंत ठेवायचे नाहीत.

पाचव्या दिवशी सकाळी त्याला मुदतबाईंनी गाठलं.

“शिष्यवृत्तीची यादी लागून तीन आठवडे झाले,” बाई म्हणाल्या. “तुझं पत्र कुठंय?”

“आलं नाही अजून.”

“नाही आलं तर लोक माझ्याकडे विचारायला येतात. तू मला बघून जिना बदलतोस.”

त्याने बरणी उचलली, पत्र काढून दिलं. बाईंनी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना चष्मा काढून वाचलं, ही त्यांची मन लावून वाचायची रीत.

“किती दिवस उरलेत?”

“अकरा.”

“बरं,” बाई म्हणाल्या. “रडायला एक धर. दहा उरले.”

आता या बाई कोण, ते सांगायला हवं.

एकोणतीस वर्षांपूर्वी त्या संस्थेत टंकलेखनाला आल्या. शिक्षण बारावी, वेग चांगला, स्वभाव तिखट. नवरा शिवणयंत्रं दुरुस्त करणारा. तो कौतुकाने म्हणायचा, हिच्या हाताखाली माझं यंत्रसुद्धा सरळ शिवतं. संस्था धान्य व्यापाऱ्यांच्या एका जुन्या विश्वस्त निधीवर उभी होती. त्या निधीतून छप्पर, वीज आणि सहा जणांचे पगार निघत. त्यापलीकडचं सगळं, म्हणजे सूक्ष्मदर्शकापासून संशोधकाच्या पोटापर्यंत, दारोदार अर्ज करून मिळवावं लागे. विद्यापीठात या कामाला अख्खा विभाग असतो, दारावर पाटी असते, आत चार माणसं एकमेकांकडे बोट दाखवायला असतात. इथे धान्याच्या खोलीला लागून एक टेबल होतं, त्यावर बाई होत्या आणि बोट दाखवायला समोर भिंत.

आल्या त्या पहिल्याच वर्षी त्यांनी एका संशोधकाचा अर्ज टंकून पाठवला आणि तो न उघडताच परत आला. ‘फक्त विद्यापीठांसाठी’ असं माहितीपत्रकाच्या चौदाव्या पानावर होतं. सगळ्यांनी पहिली तीन पानं वाचली होती. तो संशोधक पुढे विम्याच्या धंद्यात गेला आणि चांगला स्थिरावला. भेटला की हसून बोलतो. पण बाई म्हणतात, “माणूस सुखी झाला म्हणून माझी चूक बरोबर होत नाही.” तेव्हापासून त्या कुठलंही माहितीपत्रक शेवटच्या पानापासून वाचतात. कोणाला मिळेल हे वाचायचंच नाही, कोणाला मिळणार नाही ते आधी वाचायचं. जो उरला तो आपला.

असं उलटं वाचत वाचत त्यांनी एकोणतीस वर्षांत बरंच गोळा केलं. कोणता निधी स्वतंत्र संस्थांना चालतो, कोणाला तीन वर्षांचे तपासलेले हिशेब लागतात, कोणता परदेशी निधी प्रवासाचे पैसे देतो पण परतीचे विसरतो, कोणाची मुदत कागदावर महिनाअखेर असते आणि प्रत्यक्षात त्याच्या आदल्या शुक्रवारी दुपारी संपते, कारण नंतर तिथला शिपाई टपाल घेत नाही. हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. त्यावरून नाव पडलं मुदतबाई. पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा त्या म्हणाल्या, “चला, बाई तरी म्हणतात.” चाळीसेक लोकांच्या प्रबंधांमागे त्यांनी मिळवून दिलेला पैसा होता. त्या प्रबंधांच्या ऋणनिर्देशात त्यांचं नाव शेवटून दुसरं असे. शेवटचं वीजमंडळाचं.

त्यांची आणखी एक रीत होती आणि ती संस्थेबाहेर कुणाला सांगितली तर खरी वाटणार नाही. कुठलाही अर्ज संस्थेतून बाहेर पडण्याआधी तो चाळणवाल्या मावशींना मोठ्याने वाचून दाखवायचा. मावशी धान्याच्या खोलीत दिवसभर चाळणीने किडे आणि दाणे वेगळे करत. त्यांचा हात चालू असायचा, कान मोकळे असायचे. अर्ज वाचून झाला की बाई विचारत, “मावशी, हा माणूस काय मागतोय?” मावशींना सांगता आलं तर अर्ज जायचा. नाही आलं तर पुन्हा लिहायचा, मग लिहिणारा परदेशात शिकून आलेला का असेना. एका ज्येष्ठ शास्त्रज्ञाला मावशींनी सहा वेळा परत पाठवलं होतं. सातव्या वेळी त्याला पैसे मिळाले, तेही मागितले त्याहून जास्त.

या नव्याने आपला अर्ज मावशींना वाचून दाखवलाच नव्हता. कागदच नाही, सगळं पडद्यावर भरायचं, मग वाचायचं काय, असा त्याचा हिशोब. वाचला असता तर नवव्या प्रश्नाला मावशींनीच चाळण थांबवून विचारलं असतं, “काम इथं करतोस आणि पत्ता तिथला देतोस? टपाल कोण आणणार, तुझा बाप?”

असो. दहा दिवस होते.

पहिल्यांदा ते दोघे संचालकांकडे गेले. संचालक भला माणूस, किड्यांशी बोलायला लागला तर तासन्‌तास, माणसांशी बोलताना मात्र त्याची नजर दाराकडे असायची. सगळं ऐकून तो म्हणाला, “यात काय एवढं? संगणकाने चुकीचा पर्याय घेतला असं लिहा. सगळे तेच लिहितात.”

नव्याला हायसं वाटलं. त्याने तर मनात पहिलं वाक्यही जुळवलं.

“नको सर,” बाई म्हणाल्या.

“का? कोण तपासणार आहे?”

“कोणीच नाही. पण या संस्थेच्या नावाने पुढच्या वर्षी तिघांचे अर्ज जायचेत, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी कोणाचे. आपल्याकडे पाटी नाही, विभाग नाही. आपल्या कागदावर लिहिलेलं खरं असतं, एवढंच आपल्याकडे आहे.”

“आणि खरं लिहून रद्द झालं तर?”

बाईंनी नव्याकडे बघितलं. “तर याचं नुकसान होईल,” त्या म्हणाल्या. “मी काही खात्री देत नाही रे. तुझं तू ठरव.”

त्या दिवशी त्याने धान्याच्या खोलीत बसून बरण्या चाळल्या, ठरवलं काहीच नाही. शेजारच्या पाटावर मावशी चाळत होत्या. त्यांनी विचारलंही नाही. त्याचाच त्याला जास्त राग आला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने बाईंच्या टेबलावर खुलासा ठेवला. संगणकाचं नाव त्यात नव्हतं. पण पानं तीन होती आणि भाषा अशी, की वाचणाऱ्याने उभं राहून वाचावं. ‘संस्थात्मक संलग्नतेच्या संदर्भातील संदिग्धतेमुळे’ अशी सुरुवात होती.

“मावशींकडे,” बाई म्हणाल्या.

त्याने वाचलं. मावशींनी शेवटपर्यंत ऐकलं, चाळण एकदा झटकली आणि म्हणाल्या, “म्हणजे चूक कोणाची?”

“ते आहे ना त्यात. दुसऱ्या पानावर.”

“मला नाही ऐकू आलं.”

“तसं थेट नाही लिहिलेलं, मावशी.”

“मग मला कसं कळणार? मी काय चाळून काढू?”

चौथ्या खेपेला खुलासा आठ ओळींचा झाला. मी अमुक संस्थेत काम करतो. ती विद्यापीठ नाही. माझं नाव पदवीसाठी विद्यापीठात नोंदलेलं आहे. अर्जात ‘इतर’ लिहायला हवं होतं, मी ‘विद्यापीठ’ लिहिलं. चूक माझी आहे. पुढच्या तीन ओळींत विनंती. वाचून झाल्यावर मावशी म्हणाल्या, “हां. चूक तुझी, आणि सुधारून द्या म्हणतोयस.” आणि पुन्हा चाळायला लागल्या. एवढी शाबासकी त्या खोलीत पुष्कळ होती.

मधल्या दिवसांत बाईंनी कागद जमवले. संस्थेला संशोधन केंद्र म्हणून मान्यता मिळाल्याचं मूळ पत्र सापडेना. शेवटी ते ‘छप्पर गळती’ अशा नावाच्या फायलीत निघालं, कारण ज्या वर्षी मान्यता आली त्याच वर्षी छप्पर गळत होतं आणि तेव्हाच्या कारकुनाला गळती महत्त्वाची वाटली. विद्यापीठातल्या मार्गदर्शकाकडून एक दाखला आला. आणि बाईंनी शिष्यवृत्तीची जाहीर झालेली यादी काढून, पेन्सिल घेऊन, काहीतरी मोजलं. काय मोजलं ते नव्याला सांगितलं नाही.

“टपालाने पाठवू?” त्याने विचारलं.

“मुदतीला तीन दिवस आहेत. टपाल पोचेल. पण कागदाला कुणी प्रश्न विचारला तर कागद उत्तर देत नाही. आपण जाऊ.”

संचालकांनी हे काम कार्यालयीन मानायला नकार दिला. त्यांच्या मते सरळ दोन ओळी लिहून सुटणारी गोष्ट बाईंनी स्वतःहून लांबवली होती. तेव्हा बाईंनी रजा टाकली. वर्षातली उरलेली ती एकच होती.

शिष्यवृत्ती कार्यालय चौथ्या मजल्यावर होतं. लांबट खोली, भिंतीला टेकलेली लोखंडी कपाटं, त्यांच्यावर छतापर्यंत गठ्ठे, आणि एक पंखा, जो फक्त साहेबांच्या दिशेने वळायचा. दारापाशी एक वयस्क कारकून बसले होते. बाईंनी तोंड उघडून नुसतं “नमस्कार, जरा एक विचारायचं होतं,” म्हटलं, तसा त्यांनी पेन खाली ठेवला.

“किड्यांच्या संस्थेच्या ना तुम्ही?”

“ओळखलंत?”

“चौदा वर्षं फोनवर ऐकतोय. दरवर्षी जाहिरात निघाली की दुसऱ्या दिवशी तुमचा फोन. ‘शेवटच्या पानावरच्या तळटीपेचा अर्थ काय.’ आता आम्ही तळटीप लिहितानाच म्हणतो, याचा अर्थ बाईंना काय सांगायचा ते आधी ठरवा.” त्यांनी स्वतःची खुर्ची ओढून बाईंना दिली. नव्याला कुणी खुर्ची दिली नाही आणि ते योग्यच होतं.

साहेब तरुण होते, पण चेहरा फायलींनी म्हातारा केलेला. त्यांनी खुलासा वाचला. आठ ओळींना वेळ तो कितीसा लागणार? उलटून मागची बाजू पाहिली, ती कोरी होती.

“एवढंच?”

“एवढंच झालं होतं,” बाई म्हणाल्या.

“हे बघा बाई, निवड झाल्यावर प्रकार बदलायची नियमात तरतूद नाही.”

“मनाई आहे का?”

“म्हणजे?”

“तरतूद नाही हे मी वाचलं. मनाई कुठे आहे ते मला सापडलं नाही. म्हटलं तुम्हाला माहीत असेल.”

साहेबांनी नियमावली मागवली. कारकुनांनी ती आणली आणि कुणी न सांगता शेवटच्या पानावर उघडून दिली. बाविसावा नियम तिथे होता: इतर कोणत्याही उमेदवाराचं नुकसान होत नसेल, तर अर्जातल्या तपशिलाची दुरुस्ती करण्याचा अधिकार कार्यालयाला राहील.

“नुकसान होतंय की,” साहेब म्हणाले. “हे त्या वर्गात गेले तर तिथला एक जण कमी होणार.”

आता बाईंनी पेन्सिलीने खुणा केलेली यादी पुढे केली. विद्यापीठाबाहेरच्या संस्थांसाठी दहा जागा होत्या. भरल्या होत्या सहा. चार रिकाम्या, कारण तशा संस्थांमधल्या बऱ्याच लोकांना आपल्यासाठी जागा ठेवलेल्या असतात हेच ठाऊक नसतं. नवा तिकडे गेला तर सातवा झाला असता. आणि विद्यापीठांच्या यादीत त्याने अडवलेली जागा मोकळी होऊन प्रतीक्षेतल्या कुणाला तरी मिळाली असती.

“ते प्रतीक्षेतलं पहिलं नाव एका मुलीचं आहे,” बाई म्हणाल्या. “मी तिला ओळखत नाही. पण तिचंही पत्र थांबलंय.”

नव्याला हे पहिल्यांदाच कळत होतं. आपल्या ऐटीखाली आणखी कुणी दबलंय, हे त्याच्या कधी मनातच आलं नव्हतं. बाई चार दिवसांपूर्वीच ते मोजून बसल्या होत्या.

साहेब आता थेट त्याच्याकडे वळले. “पण मग आधीच ‘इतर’ का नाही लिहिलंत? तिथे तर स्पर्धाही कमी.”

पंखा साहेबांकडेच वळलेला होता. नव्याने बाईंकडे बघितलं. बाई यादीची घडी करत होत्या, घडी करायला बराच वेळ लावत होत्या.

“लाज वाटली,” तो म्हणाला. “‘इतर’ म्हणवून घ्यायची.”

दारापाशी बसलेले कारकून खोकले. साहेबांनी खुलाशाच्या कोपऱ्यात काहीतरी लिहिलं आणि सही केली. “मी शिफारस करतो. ताकीद नोंदवली जाईल. पत्र पंधरवड्यात.” आणि मग, जरा ओशाळून: “मीही अशाच एका संस्थेत होतो. दोन वर्षं. नंतर पैसे संपले.”

बाई उठल्या. “कुठली संस्था?” त्यांनी विचारलं. साहेबांनी नाव सांगितलं. “तिथे आता दोन नवे निधी चालतात,” बाई म्हणाल्या. “एक जूनअखेर, एक नोव्हेंबरात. कळवा तिथल्या कुणाला.” साहेबांनी ते लिहून घेतलं.

पत्र तेराव्या दिवशी आलं, या वेळी बरोबर पत्त्यावर. सातवं नाव त्याचं. खाली ताकीद होती, ती त्याने मेहुण्याला फोनवर वाचून दाखवली नाही. चावीचं काय करायचं असं मेहुण्याने विचारलं, तेव्हा कुलपाला लाव म्हणाला. संचालकांनी अभिनंदन केलं आणि दाराकडे बघत बाईंना म्हणाले, “तुमचं बरोबर निघालं.” बाई म्हणाल्या, “या खेपेला निघालं.” पंधरावी पिढी त्याच आठवड्यात बरणीतून बाहेर पडली, आणि मावशींनी ती त्याच्या आधी पाहिली.

पण परतीच्या बसमध्येच त्याने विचारलं होतं, “बाई, मी तुमचं काय देणं लागतो?”

त्याला वाटलं होतं, काही नाही रे म्हणतील. बाई तसल्या नव्हत्या.

“एक दिवस,” त्या म्हणाल्या. “ती रजा मी बहिणीकडे जायला ठेवली होती. आता वर्षाची संपली. तू एक अख्खा दिवस माझ्या खुर्चीत बसायचं, फोन घ्यायचा, येईल त्याला उत्तर द्यायचं. म्हणजे मला जाता येईल. सरांची परवानगी मी काढते.”

ही बोलणी झाली त्याला आता आठ महिने होत आले. मधे पाच वेळा तो तयार होऊन गेला, पाचही वेळा कुणाची ना कुणाची मुदत आडवी आली. शेवटी गेल्या महिन्यात एका मंगळवारी बाई खरंच निघाल्या. तो खुर्चीत बसला. साडेनऊला त्यांचा स्थानकावरून फोन आला, अमक्याच्या अर्जाला सही झाली का. दहाला दुसरा. सव्वादहाला त्याने एका परगावच्या संशोधिकेला फोनवर मुदत सांगितली, महिनाअखेर. साडेदहाला बाईंचा तिसरा फोन आला आणि त्याने ते अभिमानाने सांगितलं.

पलीकडून बसचा आवाज येत होता.

“आदल्या शुक्रवारी,” बाई म्हणाल्या. “दुपारच्या आत. तिला परत फोन लाव. आणि मी उतरते आहे.”

बाराला त्या टेबलापाशी हजर होत्या. त्यांनी त्याला खुर्चीतून उठवलं, पर्स कोपऱ्यात ठेवली आणि बहिणीला फोन करून सांगितलं, की पुढच्या वेळी नक्की.

“अर्धा दिवस धरते,” त्या नव्याला म्हणाल्या.

उरलेला अर्धा अजून त्याच्याकडे बाकी आहे.